न मोजलेला वारा

ओडिशाच्या महाचक्रीवादळाची नोंद कुठेही उघडून पाहिली तरी तिच्यात वाऱ्याचा कमाल वेग ताशी २६० किलोमीटर असा दिलेला सापडतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी हे वादळ पारादीपजवळ किनाऱ्याला भिडले. सरकारी हिशेबाने ९,८८५ माणसे गेली आणि एरसमा परिसरात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. आकडा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण हा वारा मोजला कोणी? वादळाच्या गाभ्यात त्या वेळी एकही यंत्र नव्हते, एकही विमान गेले नव्हते. अंतराळातून घेतलेल्या चित्रांतली ढगांची ठेवण पाहून तज्ज्ञांनी त्या वादळाला ‘टी-७’ हा क्रमांक दिला. त्या क्रमांकासमोर तक्त्यात १४० नॉट असे लिहिलेले असते आणि १४० नॉट म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. म्हणजे जो आकडा आपण मोजमाप समजून वापरतो, ते खरे तर वाचन आहे. बंगालच्या उपसागरातली गेल्या चार-पाच दशकांतली जवळजवळ सगळी मोठी वादळे अशीच वाचली गेली आहेत. उपग्रह आले आणि वादळे कळू लागली, असा या काळाचा इतिहास सहसा सांगितला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. उपग्रहामुळे वादळ दिसू लागले; ते कळायला त्या चित्राची लिपी लावावी लागली, ती लावायला पंधरा वर्षे गेली, आणि त्या पंधरा वर्षांची किंमत आपल्याच उपसागराने सर्वांत जास्त मोजली.

वादळाचा माग काढण्याची विद्या उपग्रहाहून शंभर वर्षांनी जुनी आहे आणि तिचे एक मूळ कोलकात्यात आहे. तिथल्या सागरी न्यायालयात काम करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या रोजनिशा गोळा करायला सुरुवात केली. कोणत्या घटकेला वारा कोणत्या दिशेने होता, वायुभारमापकाचा पारा किती उतरला, शिडे कधी उतरवली, अशा नोंदी एकापुढे एक मांडून ते वादळाची वाट कागदावर आखत. सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच घडवला आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून तो जगभर गेला. १८६४च्या ऑक्टोबरात कोलकात्याला वादळाने जबर तडाखा दिला. त्यानंतर बंदरासाठी इशाऱ्याची सोय झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते उभे राहिले. पण या विद्येत दोन उणिवा होत्या. पिडिंग्टन यांचा नकाशा पुरा व्हायचा तो वादळ संपून महिने लोटल्यावर. आणि जी जहाजे खरोखर गाभ्यात सापडली, त्यांच्या रोजनिशा बहुधा त्यांच्याबरोबरच तळाला जात. पुढे बिनतारी संदेश आले तेव्हा आणखी एक पेच पडला. इशारा मिळाला की शहाणा कप्तान वादळाला वळसा घालून जाई, त्यामुळे इशारे जितके सुधारले तितकी वादळाच्या पोटातून येणारी माहिती आटत गेली.

म्हणून १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-१चे महत्त्व मोठे. जेमतेम ७८ दिवस चाललेल्या या उपग्रहाने दहाव्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला भर समुद्रात घोंगावणारे एक वादळ टिपले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१मध्ये, अटलांटिकमधले ‘एस्थर’ नावाचे वादळ कोणत्याही जहाजाच्या आधी टायरॉस-३च्या चित्रात सापडले. त्यानंतर दोनेक वर्षांत ही चित्रे मुंबईपर्यंत आली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी कुलाबा वेधशाळेत एक केंद्र उघडले होते. तिथे डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचे चित्र थेट पकडण्याची सोय झाली. उपग्रह क्षितिजावर आला की अँटेना त्याच्या मागे फिरवायची, येणारा संदेश कागदावर एकेका रेघेने उमटू द्यायचा, आणि मग त्या करड्या चित्रावर किनारपट्टी व अक्षांश-रेखांश हाताने बसवायचे. ढगांनी जमीन झाकलेली असली तर हा मेळ बसवताना बरीच चूक राहून जाई. शिवाय उपग्रह ध्रुवावरून ध्रुवावर फिरणारा. त्याच जागेवर पुन्हा यायला त्याला अर्धा किंवा अख्खा दिवस लागे. तेवढ्यात वादळ दोनतीनशे किलोमीटर सहज सरकलेले असे. वाढत्या वादळाच्या बाबतीत तर याहून मोठी अडचण होती. ढगांचा एक मोठा पांढरा ढीग दिसे. पण तो नुसता पावसाळी पुंजका आहे की पोटात वाऱ्याचा भोवरा बांधला जातो आहे, हे चित्र आपण होऊन सांगत नसे.

या अडचणीचे परिणाम १२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री पूर्व पाकिस्तानात दिसले. भोला वादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. वादळांच्या ज्ञात इतिहासात एवढा संहार दुसरा नाही. मेघनेच्या मुखावरच्या तजुमुद्दीन भागात जवळजवळ निम्मी वस्ती एका रात्रीत नाहीशी झाली. हे वादळ कोणाला दिसलेच नव्हते, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्याच वर्षी जानेवारीत सोडलेल्या आयटॉस-१ या उपग्रहाने ते उपसागरातून वर सरकताना पाहिले होते, चित्रे ढाक्याकडे होती, रेडिओवरून इशारेही दिले गेले. नंतरच्या पाहणीत आढळले की वादळ येत असल्याचे बहुतेकांना ठाऊक होते; पक्क्या आसऱ्याला गेलेले मात्र अगदी थोडे. याचे एक कारण आधीच्याच महिन्यात होते. २३ ऑक्टोबरला याच किनाऱ्यावर एक वादळ येऊन गेले होते, तेव्हाही धोक्याच्या सूचना झाल्या होत्या आणि बहुतेक लोक त्यातून सुखरूप पार पडले होते. नोव्हेंबरचा इशारा कानी पडला तेव्हा मनात ताजे होते ते ऑक्टोबरचे वादळ. या दोन वादळांतला फरक सांगणारी भाषा त्या दिवशी हवी होती. इशारा देणाऱ्याच्या हातात चित्र होते. हे मागच्या महिन्यासारखे नाही, कितीतरी पट घातक आहे, हे ठामपणे म्हणायला लागणारा आकडा नव्हता. ढगांच्या व्याप्तीवरून जोर ठरवण्याची एक ओबडधोबड पद्धत साठच्या दशकात होती, पण तिच्या भरवशावर लाखो माणसांना घरे सोडा म्हणून सांगता आले नसते. उरलेले काम भूगोलाने केले. उपसागराचे उत्तर टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते आहे. वाऱ्याने लोटलेले पाणी तिथे वर चढण्यावाचून दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्यात रात्र होती आणि भरती होती.

चित्राला भाषा मिळाली ती त्यानंतरच्या काही वर्षांत. अमेरिकी उपग्रह-हवामान सेवेतले व्हर्नन ड्वोराक यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पद्धत बसवली, १९७५ साली ती प्रसिद्ध केली आणि १९८४ साली अवरक्त चित्रांसह तिला विस्तृत रूप दिले. तिच्यामागचा विचार साधा आहे. वादळ जन्मापासून मरणापर्यंत ठरावीक रूपांतून जाते. रूप ओळखता आले तर वय कळते आणि वय कळले तर जोर कळतो. चित्र टेबलावर घ्यायचे आणि त्यावर पारदर्शक कागदावर काढलेले एक सर्पिल वळण ठेवायचे. हे वळण ढगांच्या वाकड्या पट्ट्यावर बसेपर्यंत फिरवायचे आणि पट्टा केंद्राभोवती किती दशांश वर्तुळ गुंडाळला गेला आहे ते मोजायचे. साधारण अर्धे वर्तुळ भरले की टी-क्रमांक अडीच. म्हणजे वारा ताशी ६५ किलोमीटरच्या घरात पोहोचला, चक्रीवादळ जन्माला आले. पट्टा वेढा पुरा करून पुढे सरकला, मध्यभागी डोळा उघडला, की मोजणी बदलते. मग अवरक्त चित्रात डोळ्याचे तापमान आणि त्याभोवतीच्या ढगमाथ्यांचे तापमान पाहायचे. डोळा जितका उबदार आणि भोवतालची भिंत जितकी थंड, तितके वादळ भीषण. याखेरीज ड्वोराक यांनी वाचणाऱ्याच्या हाताला लगामही घातला. नेहमीच्या वेगाने वाढणारे वादळ दिवसाला एक क्रमांक चढते, त्यामुळे आजचे रूप कितीही विस्मयकारक दिसले तरी कालचा क्रमांक विसरून उडी मारायची नाही. एकेका चित्राच्या मोहात न पडता चित्रांची मालिका वाचायची, ही शिस्त मला या पद्धतीचा गाभा वाटते. विमानांनी प्रत्यक्ष मोजलेल्या वादळांशी, मुख्यतः पश्चिम प्रशांत महासागरातल्या, ताडून तिचे तक्ते पक्के झाले. पुढे १९८७ साली तिथली नियमित विमानफेरीच अमेरिकेने बंद केली, इतका या वाचनावर विश्वास बसला होता. आपल्या उपसागरावर तर अशी नियमित फेरी कधी नव्हतीच. इथे पद्धतीची पडताळणी करायला मोजलेला वारा नाही, आणि पद्धत सोडावी तर दुसरे हाती काही नाही.

मालिका वाचायची तर चित्रे भराभर हवीत. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि एकाच जागेवर नजर रोखून बसतो. प्रशांत महासागराला असा डोळा डिसेंबर १९६६मध्ये मिळाला, अटलांटिकला त्यापाठोपाठ. हिंदी महासागराचा नंबर शेवटी लागला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखावरच्या दिविसीमेत समुद्र शिरला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे बुडाली, तेव्हाही उपसागराच्या माथ्यावर स्थिर नजर नव्हती. ती कायमची आली ऑगस्ट १९८३मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बीबरोबर. या उपग्रहाने दोन कामे एकदम केली, आणि दुसरे काम मला पहिल्याइतकेच मोलाचे वाटते. तो चित्रे पाठवत होताच; त्याच्याच मार्फत किनाऱ्यावरच्या ठरावीक जिल्ह्यांत बसवलेल्या ग्राहकयंत्रांवर इशारा त्या भागाच्या भाषेत पोहोचू लागला. मद्रासहून संदेश सुटला की नेमक्या त्याच जिल्ह्यातला भोंगा वाजे आणि मागून आवाज येई; तारा तुटल्या तरी हा मार्ग तुटत नसे. मे १९९०मध्ये आंध्रच्या त्याच किनाऱ्यावर १९७७च्या तोलामोलाचे वादळ आले. मृत्यू हजाराच्या आत राहिले. हजार माणसे ही थोडी नव्हेत. पण तेराच वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवला की काय बदलले ते दिसते.

इथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. वाचनाला एवढे श्रेय द्यायचे तर एप्रिल १९९१मध्ये चितगावच्या किनाऱ्यावर १,३८,००० माणसे कशी मेली? वादळ उपग्रहांना दिवसेंदिवस दिसत होते, त्याचा जोरही ठाऊक होता. आणि ओडिशात टी-७ वाचूनही दहा हजारांच्या घरात बळी का गेले? माणसे वाचतात ती निवाऱ्यांनी, रस्त्यांनी आणि वेळेवर हलणाऱ्या प्रशासनाने. चित्र कसेही वाचा. यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. १९९१मध्ये बांगलादेशात पळून जायला पक्क्या इमारतीच पुरेशा नव्हत्या. तिथे स्वयंसेवकांचे जाळे १९७२पासून होते, पण माणसांना न्यायचे कुठे हा प्रश्न होता. त्यानंतर निवारे उभे राहिले आणि २००७च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले. तरीही ओडिशाचे उदाहरण वेगळे काही सांगते. तिथे १७ ऑक्टोबर १९९९ रोजी गंजामच्या किनाऱ्यावर एक वादळ येऊन गेले होते. बारा दिवसांनी महाचक्रीवादळ आले. एकोणतीस वर्षांपूर्वी भोलाच्या आधी घडले होते तेच. माणूस येऊ घातलेले वादळ नुकत्याच गेलेल्या वादळाच्या मापाने मोजतो. त्याच्याजवळ दुसरे माप नसते. ते माप पुरवणे हेच वाचनाचे काम. १९९९मध्ये वाचन झाले होते, पण ते वेधशाळेच्या पत्रकातच राहिले. टी-७ म्हणजे गंजाममध्ये जे झाले त्याच्या कितीतरी पलीकडचे, असा अर्थ कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचला नाही. निवारा आणि वाचन यांना एकमेकांसमोर उभे करण्यात अर्थ नाही. निवाऱ्याचे दार कधी उघडायचे हे वाचनच ठरवते, आणि चार वेळा दार उगाच उघडले तर पाचव्या वेळी कोणी येत नाही.

म्हणूनच ऑक्टोबर २०१३मधल्या ‘फायलिन’ वादळाची कथा मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. ८ ऑक्टोबरला उत्तर अंदमान समुद्राच्या परिसरात कमी दाबाचे केंद्र ठळक झाले, दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळ झाले आणि पुढच्या चोवीस तासांत ते झपाट्याने फोफावले. कल्पना-१ उपग्रह लक्ष ठेवून होता. जुलैत सोडलेला इन्सॅट-३डी नुकता कामाला लागला होता. चित्रातला डोळा इतका रेखीव होता की परदेशातल्या काही जाणकारांनी याला सरळ महाचक्रीवादळ म्हटले आणि भारतीय खाते जोर कमी लेखते आहे, अशी जाहीर टीका केली. भारतीय हवामान खात्याचे वाचन टी-६ म्हणजे ११५ नॉट, ताशी २१०च्या आसपास होते आणि दडपण वाढले तरी त्यांनी ते बदलले नाही. अशा वेळी आकडा फुगवणे सोपे असते. वादळ कमी भरले तर कोणी जाब विचारत नाही, जास्त भरले तर खुर्ची जाते. १२ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास वादळ गोपाळपूरजवळ आले. अंदाज बांधला होता तिथेच आणि जवळपास त्याच जोराने. त्याआधी ओडिशाने दहा लाखांच्या आसपास माणसे हलवली होती. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. १९९९च्या अखेरीस त्या राज्याने आपत्ती निवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले होते, निवारे बांधले होते, आणि याचे श्रेय त्याला निःसंशय आहे. पण दहा लाख माणसांना हलवण्याचा हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला जागा आणि वेळ यांची खात्री लागते. ती खात्री त्या तीन दिवसांच्या वाचनातून आली.

आता संगणक आहेत, मग ढगांचे आकार ओळखण्याची ही हस्तकला कशाला, असेही विचारले जाते. संगणकाची प्रारूपे वादळाच्या वाटेबाबत फार पुढे गेली आहेत, यात शंका नाही. मात्र प्रारूपाला आरंभ लागतो: वादळ या क्षणी कुठे आहे आणि किती जोराचे आहे. उपसागरात हा आरंभ उपग्रहाच्या वाचनातूनच मिळतो. वाढत्या वादळाचे केंद्र ढगांच्या छताखाली दडलेले असते तेव्हा मदतीला सूक्ष्मलहरी आणि समुद्रावरचा वारा टिपणारी उपकरणे येतात. भारताच्या ओशनसॅट-२ने २००९पासून काही वर्षे हे काम केले, पुढे स्कॅटसॅट-१ने. पण समुद्राचा पृष्ठभाग किती खडबडीत झाला आहे यावरून ही उपकरणे वारा ठरवतात, आणि मोठ्या वादळाच्या गाभ्यात, मुसळधार पावसाखाली, त्यांचाही हिशेब डळमळतो. तिथे जाऊन शेवटी पुन्हा डोळ्याचे तापमान आणि पट्ट्याचे वळणच पाहावे लागते.

या वाचनाची मर्यादा नोव्हेंबर २०१७मध्ये ‘ओखी’ने दाखवली. २९ तारखेला श्रीलंकेजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि ३० तारखेला दुपारच्या आत कन्याकुमारीच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ झालेले होते. उपसागराच्या मध्यावर असे वादळ वाढले असते तर किनाऱ्याच्या हाती दोनतीन दिवस राहिले असते; हे किनाऱ्याला लागूनच वाढले. आणि केरळ व तामिळनाडूचे मच्छीमार अनेक दिवसांच्या मासेमारीसाठी आधीच दूरवर गेले होते. कोकणच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर पडत नाही. पण बावटा लागण्याआधीच गेलेल्याला तो दिसणार कसा? शेकडो माणसे परतली नाहीत. ज्यांच्या बोटी तगल्या त्यांतले कित्येक उत्तरेकडे भरकटत आले आणि शेकडो मच्छीमारांना आपल्या देवगड बंदरात आसरा मिळाला. त्यानंतर २०१९मध्ये ‘जेमिनी’ नावाचे एक छोटे यंत्र आले. ते बोटीवर ठेवायचे. भूस्थिर उपग्रहावरून आलेला इशारा ते पकडते आणि मच्छीमाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत दाखवते, किनाऱ्यापासून कितीही दूर असले तरी. संदेश मात्र एकाच दिशेने येतो. वाऱ्याच्या पोटात सापडलेल्या माणसाला त्या यंत्रावरून वेधशाळेला उलट काही कळवता येत नाही; पिडिंग्टन ज्या नोंदींसाठी जहाजांची वाट पाहत, त्या अजूनही समुद्रातच राहतात.